४३ स्लाइडचा रिसर्च रिपोर्ट झाला, टाळ्या झाल्या, ॲपमधलं एक बटणही हललं नाही. पुढं काय करू?

नंदगडची_पोर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी टिळकवाडीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचं काम करते. आम्ही क्रेडिट सोसायट्यांना (पतसंस्थांना) पिग्मीचं ॲप करून देतो. बेळगावकरांना पिग्मी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की एजंट रोज दुकानात येतो, पन्नास-शंभर रुपये नेतो आणि मुदत भरली की ते व्याजासकट मिळतात. पूर्वी एजंटकडं ते कॅल्क्युलेटरसारखं मशीन असायचं. सकाळी शाखेत डेटा भरून न्यायचा, संध्याकाळी परत उतरवायचा. आता तेच मोबाईलवर आलंय आणि कमरेला ब्लूटूथ प्रिंटर.

गेल्या जून-जुलैत एका सोसायटीसाठी मी यूजर रिसर्च केला. बेळगावचा पाऊस ऐन भरात होता. ११ एजंटांबरोबर फेरीला गेले. शनिवार खूट, गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, तिकडं शहापूर आणि वडगावचे विणकर. २६ खातेदारांशी बोलले. छत्री दोनदा हरवली.

जे दिसलं त्यातलं थोडं सांगते. बहुतेक एजंट दुकानात नोंद करतच नाहीत. शर्टाच्या खिशातल्या डायरीत पेन्सिलीनं लिहितात आणि रात्री जेवण झाल्यावर घरी ॲपमध्ये भरतात. त्यामुळं सकाळी ११ ला दिलेल्या पैशाचा मेसेज खातेदाराला रात्री पावणेदहाला येतो. ॲपमधली यादी खाते नंबरनं लागलेली असते आणि एजंट चालतो गल्लीनं, म्हणजे दुकानात भरायचं म्हटलं तर दरवेळी खालीवर शोधाशोध. पावसात मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत असतो, 'जमा करा'चं बटण वरच्या कोपऱ्यात बारीक, त्यावर बोट लागत नाही. आणि गणपत गल्लीत फुलं विकणारी एक अक्का. तिनं मला मेसेज दाखवला आणि हळूच विचारलं, "एवढं झालं काय गं माझं?" ती बोट ठेवून दाखवत होती तो खाते नंबर होता.

हे सगळं मी आणलं. भिंतीवर २१० चिठ्ठ्या लावल्या, गट पाडले, गटांना नावं दिली. विश्वास, वेग, भाषा, सुलभता. रिपोर्ट सोसायटीच्या बैठकीत वाचला. चेअरमननी टाळ्या वाजवल्या, मिठाईला कुंदा आला. मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडं ६० एजंट आहेत, ११ जणांवरनं सगळ्यांचं कसं सांगता?" भाषेची स्लाइड आल्यावर चर्चा सीमाप्रश्नावर गेली, १९५६ पासून सुरू झाली आणि अर्ध्या तासानं महाजन अहवालापर्यंत पोचली. मेसेजवर कुणी बोललंच नाही.

आमच्या डेव्हलपरनं शेवटची शिफारशींची स्लाइड बघितली आणि विचारलं, "ठीक आहे, खरं यातलं मी नेमकं काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. स्लाइडवर होतं: 'नोंदीची प्रक्रिया सुलभ करावी. मेसेज अधिक स्पष्ट असावेत. स्थानिक भाषांचा विचार व्हावा.'

याला चार महिने झाले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रिसर्च ते डिझाइन हा रस्ता तुम्ही प्रत्यक्षात कसा चालता? पुस्तकातले गोल आणि बाण नकोत, ते माझ्या स्लाइड ७ वर आहेत.

हिंजवडीतला_बेळगावकर

रिपोर्ट चांगला असून उपयोग नाही, प्राधान्य लावायला पाहिजे. आम्ही प्रत्येक अडचणीला ० ते ४ गुण देतो, वापरसुलभतेचा तज्ज्ञ जेकब निल्सनची जुनी पद्धत. ० म्हणजे अडचणच नाही, १ दिसण्यापुरती, २ किरकोळ, ३ मोठी, ४ म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. मग ४ आणि ३ ची तिकिटं (डेव्हलपरला द्यायच्या कामाच्या नोंदी) करायची आणि स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात, टाकायची.

आणि कुंद्याचा फोटो का नाही टाकला?

नंदगडची_पोर

@हिंजवडीतला_बेळगावकर गुण दिले होते हो. 'विश्वास' या गटाला ४ मिळाले. आता विश्वासाचं तिकीट कसं लिहू, सांगा. कुंदा फोटो काढेपर्यंत राहिला नाही.

पिग्मीवाले_मामा

ताई, मी स्वतः पिग्मी एजंट. तुमच्या सोसायटीत नाही, दुसरीकडं. शहापुरात २४ वर्षं झाली. पोरानं हे दाखवलं म्हणून लिहालोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंय एजंट रात्री भरतात. बरोबर आहे. खरं का भरतात ते विचारला काय? बटण बारीक म्हणून न्हवं. दुकानात गडबडीत १०० च्या जागी १००० पडलं तर मला ते परत काढता येत नाही. शाखेत जायचं, अर्ज लिहायचा, मॅनेजरची सही घ्यायची, वर चार माणसांत बोलणं ऐकायचं. तोवर १००० माझ्या नावावर, म्हणजे ९०० माझ्या खिशातले. त्यापेक्षा रात्री नोटा मोजतो, डायरीशी ताळा बसला की मग भरतो. तुम्ही बटण ताटाएवढं करा, मी रात्रीच भरणार.

दुसरं, डायरी काढून घ्यायचं मनात आणू नका. त्यात नुसती रक्कम नसते. एखादा दुकानदार म्हणतो "मामा, आज जमत नाही, उद्या डबल घ्या." ते मी लिहितो. उद्या गेल्यावर मी दोनशे म्हणतो, तो हसतो आणि देतो. ॲपमध्ये 'उद्या डबल' कुठं लिहू? तिथं एक तर जमा, नाही तर काही नाही.

आम्हाला शिकवताना सांगितलं होतं, १९२८ साली सिंडिकेट बँकेनं उडपीकडं दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तिथनं हा पिग्मीचा धंदा. तेव्हाही माणूस दारात रोज येतो म्हणूनच दोन आणे निघत होते. एवढं ध्यानात ठेवून काय ते करा.

चिकोडीकर

मामांनी तुमच्या ४३ स्लाइडना जे जमलं नाही ते एका परिच्छेदात केलं. मी तिथूनच पुढं जातो.

माझी पार्श्वभूमी आधी. मी निपाणी-चिकोडी पट्ट्यात दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरवर ६ वर्षं काम केलं. पहिला रिसर्च मीही तुमच्यासारखाच केला होता. गावोगावच्या डेअऱ्यांवर पहाटे साडेपाचला कॅन घेऊन रांगेत उभे असलेले शेतकरी, त्यांच्याशी बोललो. रिपोर्टात लिहिलं, 'शेतकऱ्यांना फॅटच्या मोजणीत पारदर्शकता हवी.' त्यावर तीन महिने खपून आम्ही शेतकऱ्यासाठी वेगळं ॲप केलं. फॅटचा आलेख, एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचा) आलेख, महिन्याची सरासरी. कुणी उघडलं नाही. मग एका पहाटे एक म्हातारा रांगेतून पुढं वाकून टेबलाच्या पलीकडं डोकावताना दिसला. मशीनच्या डिस्प्लेचं तोंड सेक्रेटरीकडं होतं. आम्ही तो डिस्प्ले फिरवला. दोन स्क्रू आणि एक लांब वायर. पारदर्शकता म्हणजे त्याला तेवढंच पाहिजे होतं, आकडा सेक्रेटरीच्या तोंडून ऐकायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा.

आता तुमच्या शिफारशी परत वाचा. 'सुलभ करावी', 'स्पष्ट असावेत', 'विचार व्हावा'. तिन्ही वाक्यांत करणारा माणूसच नाही. सुलभ कोण करणार, कुठल्या स्क्रीनवर, कधी? शाळेत हे वाक्य विध्यर्थी म्हणून सोडवून पाच मार्क मिळाले असते, पण डेव्हलपर त्यावर हात ठेवू शकत नाही. तो तुम्हाला अडवत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

चिठ्ठ्यांचे गट पाडायची पद्धत वाईट नाही. जिरो कावाकिता नावाच्या जपानी मानववंशशास्त्रज्ञानं नेपाळमध्ये हिंडून जमवलेल्या नोंदी लावता लावता ती बसवली, त्याच्या आडनाव-नावाच्या आद्याक्षरांवरनं तिला केजे पद्धत म्हणतात. पण गटाला 'विश्वास' असं एका शब्दाचं नाव दिलं की त्यातली फुलवाली अक्का नाहीशी होते. मी गटाला नाव देतच नाही, अख्खं वाक्य देतो. 'खातेदार मेसेजमधला खाते नंबर शिल्लक म्हणून वाचतो.' हे वाक्य ऐकल्यावर कुणी १९५६ ला जात नाही.

त्याच वाक्यावर पुढं काय करायचं ते बघू, कारण ही तुमची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात लवकर होणारी गोष्ट आहे.

सध्याच्या मेसेजमध्ये बहुधा खाते नंबर पहिला, मग तारीख, मग रक्कम, शेवटी शिल्लक असणार, आणि सगळं इंग्रजीत. अक्का अक्षरं वाचत नाही, आकडे वाचते. तिच्या दृष्टीनं तो चार आकड्यांचा ढीग आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा तो आपला. मग बदल काय? क्रम उलटा करा, तारीख काढा (मेसेजवर फोन स्वतःच तारीख दाखवतो), खाते नंबराचे शेवटचे चारच आकडे ठेवा. असं काही तरी:

'आज जमा रु.१००. एकूण रु.८४५०. खाते शेवट २२१७'

एक तांत्रिक गोष्ट, ही बैठकीत कामाला येईल. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, मराठी किंवा कन्नड लिपीत गेलात की एका मेसेजला ७० च. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतात. वरची ओळ मी मोजली, जागा आणि टिंबं धरून ४३ भरते. सोसायटीचं नाव आटोपशीर ठेवलंत तर ७० च्या आत बसेल आणि दुप्पट पैसे पडणार नाहीत. "भाषेचा खर्च परवडत नाही" म्हणणाऱ्यांपुढं हा हिशोब ठेवा. दुसरं, मेसेजचा मजकूर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी या मेसेज-नोंदणीच्या व्यवस्थेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तो अर्ज आजच टाका. त्याला डेव्हलपरची वाट बघायची गरज नाही.

आता प्रत्येक अशा वाक्याखाली मी तीनच ओळी लिहितो. एक, काय बदलतोय, तेही कोणत्या स्क्रीनवर किंवा कोणत्या कागदावर. दोन, कोण करणार. इथं 'टीम' लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. तीन, चुकलं की बरोबर आलं ते कशावरून कळेल. अक्काच्या बाबतीत तिसरी ओळ सोपी आहे. नवा मेसेज पाच जणींना दाखवायचा आणि विचारायचं, "तुमचे किती झाले?" आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला सगळ्यात अवघड जातं, आपण लगेच मदत करायला लागतो.

रात्रीच्या नोंदीचं मोजमाप तर तुमच्याकडं आधीच पडून आहे. प्रत्येक नोंदीची वेळ डेटाबेसमध्ये असते. रात्री ८ नंतर किती टक्के नोंदी होतात, तो आकडा आज काढून ठेवा, बदल करायच्या आधी. नंतर काढलात तर तुलना कशाशी करणार?

आणि मॅनेजरसाहेबांचे ६० पैकी ११. पाच माणसांत ८५ टक्के अडचणी सापडतात हा निल्सनचा आकडा कुणी तरी तुम्हाला सांगेल, तो जपून वापरा. तो हिशोब एक अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येते असं धरून केलेला आहे आणि एकाच प्रकारचे लोक धरून. एजंट आणि खातेदार हे दोन वेगळे प्रकार, वडगावचा विणकर आणि खडेबाजारचा कापडवाला हेही वेगळे. पण चूक सुधारायला अर्ज लागतो हा सोसायटीचा नियम आहे, तो ६० च्या ६० जणांना लागू आहे. त्यासाठी ६० जणांना विचारायची गरजच काय?

बाकी यादीतल्या काही गोष्टींवर उघड लिहा, 'याचं काही करणार नाही', आणि कारण द्या. पेन्सिलची डायरी त्यातली पहिली. हे लिहिलं की बाकीच्या गोष्टींना वजन येतं.

शेवटचं म्हणजे, डेव्हलपरला एक फेरी मारायला न्या. रिपोर्ट देऊ नका, न्या.

खातेवही_ऑडिट

मध्ये बोलतो, माफ करा. पंधरा वर्षं सोसायट्यांचं ऑडिट करतोय. मामांची अडचण खरी आहे, पण एजंटाला दुकानातच रक्कम बदलू देणं म्हणजे काय ते समजून घ्या. समोर ५०० ची नोंद केली, पावती दिली, मेसेज गेला. कोपऱ्यावर गेल्यावर ५०० चे ५० केले. अशी प्रकरणं आम्ही बघितलीत आणि त्यात बुडतो तो त्या फुलवाल्या अक्कासारखा माणूस. मॅनेजरची सही उगीच आलेली नाही.

तुम्हाला सुधारणा द्यायचीच असेल तर खोडू देऊ नका. खातेवहीत आम्ही खोडत नाही, उलट नोंद करतो. १००० ची नोंद राहू दे, तिच्यासमोर १००० ची उलट नोंद, मग १०० ची नवी. खातेदाराला प्रत्येक वेळी मेसेज गेलाच पाहिजे. आणि मुदत ठेवा. फेरी बंद केली की दार बंद.

पिग्मीवाले_मामा

साहेबांचं पटतंय. मेसेज जाऊ दे की, आमचं काय जातंय. चुकलं तर मी तिथंच उभा असतो, दुकानदार पण बघतोय. त्याच्यासमोर सुधारणं बरं, रात्री घरात सुधारण्यापेक्षा.

हिंजवडीतला_बेळगावकर

माझं ० ते ४ मागं घेतो. (पूर्ण नाही, अर्धं.)

नंदगडची_पोर

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, त्याचं कारण खाली आहे.

डेव्हलपरला फेरीला नेलं. पाऊस नव्हता, म्हणून मोबाईल मुद्दाम प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिला आणि वर बाटलीतलं पाणी शिंपडलं. मारुती गल्लीत भर गर्दीत, मागं स्कूटरवाला हॉर्न मारतोय आणि हा 'जमा करा' दाबायला बघतोय. चौथ्या दुकानात त्यानं स्वतःच मला सांगितलं की बटण खाली पाहिजे, अंगठ्याजवळ. मी जुलैपासून तेच सांगत होते, हे मी बोलले नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटण किमान ४८ डीपीचं (डीपी हे पडद्यावरचं माप) हवं असं आहे, म्हणजे अंदाजे ९ मिलिमीटर. आमचं त्याच्या निम्मं होतं. आता पडद्याच्या तळाला पूर्ण रुंदीचं आहे. तिकीट त्यानंच लिहिलं.

यादी फेरीच्या क्रमानं लावायचं झालं, पण माझ्या डोक्यात होतं तसं नाही. मी नकाशा काढून बसले होते. एजंट म्हणाले नकाशा कशाला, कालच्या क्रमानंच आज दाखवा की. काल ज्या क्रमानं नोंदी केल्या तोच क्रम आज. एका दिवसाचं काम निघालं. गंमत अशी, की जे रात्री भरतात त्यांचा क्रमही डायरीवरनं भरल्यामुळं गल्लीचाच निघाला.

मेसेजचा नवा मजकूर मंजूर झाला. भाषेच्या बाबतीत बैठकीत मी 'भाषा' हा शब्दच काढला नाही. फॉर्मवर आधी 'मातृभाषा' असा रकाना होता. तो बदलून 'मेसेज कोणत्या लिपीत वाचता?' केला. आपल्याकडं घरात मराठी, शाळा कन्नड, दुकानात दोन्ही आणि हिंदी असा प्रकार. माझ्या स्वतःच्या चुलतभावाला मराठी वाचताना घाम फुटतो. तीन पर्याय ठेवले होते, चौथा अक्कामुळं घालावा लागला. तिनं सांगितलं, "मी वाचत नाही, नातू वाचतो. खरं तो शाळेत असतो." म्हणून चौथा पर्याय 'फक्त आकडे'. त्यात मेसेजात दोनच आकडे जातात, आजचे आणि एकूण. सात जणींना दाखवला, सहा जणींनी शिल्लक बरोबर सांगितली. सातवीनं आजची जमा आणि एकूण यांची बेरीज करून सांगितली. त्यावर अजून डोकं खाजवतेय.

सुधारणेचा विषय अडलाय. ऑडिटवाल्या साहेबांनी सांगितलं तसंच मांडलं, उलट नोंद, प्रत्येक वेळी मेसेज, 'फेरी बंद' दाबेपर्यंत मुदत. संचालक मंडळानं सगळ्यांना नको, आधी चार एजंटांना द्या म्हटलं. तीन आठवड्यांत दोघं दुकानात नोंद करायला लागले. एक जण दुकानात करतो पण फक्त मोठ्या रकमांची. चौथे काका अजून रात्रीच भरतात. विचारलं तर म्हणाले, "जेवल्यावर निवांत हिशोब करायची सवय आहे, पोरी." त्यांचं तिकीट मी केलेलं नाही.

प्रिंटरच्या पावतीचा कागद उन्हात ठेवला की कोरा पडतो, त्याचं काय करायचं ते कुणाला माहीत असेल तर सांगा. दुकानदार ती काचेखाली ठेवतात आणि महिन्यात पांढरी होते.

पिग्मीवाले_मामा

पावती काचेखाली नको, गल्ल्यात ठेवा म्हणून सांगा. मी तसंच सांगतो, ऐकतात.

ताई, ते 'उद्या डबल'चं काय झालं?

नंदगडची_पोर

मामा, तिकीट झालंय. पुढच्या महिन्यात येईल. बटणावर मी आधी 'स्थगित जमा' लिहिलं होतं, डेव्हलपर हसला. आता मराठीत 'उद्या डबल', कन्नडमध्ये 'नाळे डबल'.

पिग्मीवाले_मामा

आमच्या सोसायटीला पण द्या की मग.